सतराव्या वर्षी दिलेला शब्द



तमिळनाडूत कुंभकोणम् शहराजवळ चोळपुरम् नावाचे एक गाव आहे. कावेरीच्या खोऱ्यातला तो भातशेतीचा मुलूख. तेथून तंजावर सरळ रेषेत पन्नासएक किलोमीटर. आपणा मराठी माणसांना तंजावर ठाऊक आहे ते व्यंकोजीराजांमुळे, आणि आपणा ख्रिस्ती लोकांना सरफोजीराजांना वडिलांच्या मायेने सांभाळणाऱ्या मिशनरी श्वार्ट्झ यांच्यामुळे. त्याच तंजावरास आज वायुसेनेचा तळ आहे. २० जानेवारी २०२० रोजी तेथे सुखोई-३० विमानांची २२२ क्रमांकाची स्क्वाड्रन उभी राहिली. चोळपुरम् ते तंजावर हे अंतर ताशी नऊशे किलोमीटर वेगाने जाणारे विमान तीन-साडेतीन मिनिटांत कापते. बारावीतल्या एखाद्या मुलाने आकाशात गर्जना ऐकून मान वर केली आणि मनाशी काही ठरवून टाकले, तर त्यात नवल ते काय?

तो मुलगा आपल्याही घरी आहे. वसईत आहे, जालन्यात आहे, अहिल्यानगरातही आहे. २०२२ पासून खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे दार मुलींनाही उघडले, म्हणजे आता ती मुलगीही आहे. हे मूल आपल्याला विचारते, "मी वैमानिक कसा होऊ?" आणि आपण लगेच मार्ग सांगू लागतो. मार्ग काही गुपित नाहीत. एक बारावीनंतरचा: गणित, भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र घेऊन लोकसेवा आयोगाची परीक्षा द्यावी, पाच दिवसांची निवड चाचणी व वैद्यकीय तपासणी पार करावी, तीन वर्षे खडकवासल्यास आणि पुढे हैदराबादजवळ दुंडीगल येथे शिक्षण घ्यावे. दुसरा पदवीनंतरचा, वेगळ्या परीक्षांचा. पूर्वतयारीसाठी साताऱ्याची सैनिकी शाळा आहे, छत्रपती संभाजीनगरची सरकारी संस्था आहे. उड्डाणाच्या कलाची चाचणी मात्र आयुष्यात एकदाच देता येते. तेथे नापास झालेल्यास वैमानिक होण्याची दुसरी संधी नाही.

हे सारे खरे, आणि मुलाला सांगण्याजोगेही. पण "कसा होऊ" याच्या अलीकडे आणखी एक प्रश्न उभा असतो, आणि तो विचारायला आपण धजत नाही. मुलाची निवड झाली की उपासनेनंतर आपण पेढे वाटतो, पाळक त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात. कोणाच्या तरी आज्ञेवरून आपल्याला माणसे मारावी लागतील, हे त्याच्याशी कोणी बोललेले असते काय?

खडकवासल्याच्या परीक्षेला साडेसोळा वर्षांचा मुलगा बसू शकतो. ज्या वयात त्याला मतदान करता येत नाही, लग्न करता येत नाही, त्या वयात तो हा शब्द देतो. तो अर्थात एकटा देत नाही. आईवडिलांची सहीही लागते. आणि त्यात एक अट आहे, तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. शिक्षणाच्या मध्यावर, आवाक्याबाहेरचे कारण नसताना, मुलाने स्वतःच्या इच्छेने प्रबोधिनी सोडली तर शासनाने त्याच्यावर केलेला खर्च पालकांना परत करावा लागतो. अट अन्यायाची आहे असे मी म्हणत नाही; पैसा देशाचा आहे. परंतु विसाव्या वर्षी एखाद्याची सदसद्विवेकबुद्धी जागी झाली, तर बापाची शेती त्याच्या डोळ्यांपुढे उभी राहील, हे सोळाव्या वर्षीच ध्यानात घ्यावयास नको काय?

ख्रिस्ती माणसाने शस्त्र धरावे की नाही, हा वाद मंडळीइतकाच जुना आहे आणि तो येथे मिटणार नाही. शिपाई बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे आले तेव्हा त्याने त्यांना तलवार टाकण्यास सांगितले नाही. जुलूम करू नका, आपल्या पगारात तृप्त असा, एवढेच सांगितले. त्या उत्तरावर विसंबून पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती तरुण सैन्यात गेले. १९६५ च्या युद्धात कीलर बंधूंनी वीरचक्रे मिळवली, १९८५ मध्ये डेनिस ला फाँटेन वायुसेनेचे प्रमुख झाले. पण एक फरक मला अस्वस्थ करतो. योहानाकडे आलेल्या शिपायाला समोरच्याचा चेहरा दिसत होता. तंजावरच्या सुखोईखाली ब्राह्मोस क्षेपणास्त्र असते. ते सुमारे तीनशे किलोमीटर दूर जाऊन पडते. म्हणजे तंजावरवरून सोडले तर जवळजवळ चेन्नईपर्यंत. तेथे कोण उभे आहे हे वैमानिकाला कधीच दिसणार नाही.

९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर अणुबाँब पडला तो उराकामी भागावर, जपानमधील ख्रिस्ती लोकांच्या सर्वांत जुन्या वस्त्यांपैकी एकीवर. तेथील कॅथीड्रल कोसळले, हजारो ख्रिस्ती माणसे मेली. ते दृश्य दुसऱ्या विमानातून पाहण्यासाठी ब्रिटनने लेनर्ड चेशायर या वैमानिकाला पाठवले होते. वय सत्तावीस, शंभरावर हल्ल्यांचा अनुभव, छातीवर व्हिक्टोरिया क्रॉस. बाँबमुळे युद्ध थांबले, म्हणून तो टाकणे योग्यच होते, असे चेशायर शेवटपर्यंत मानत आले. तरीही युद्धानंतरचे सारे आयुष्य त्यांनी अपंग व असाध्य रोग्यांसाठी घरे उभारण्यात घालवले. त्यांतले एक घर आपल्या मुंबईत अंधेरीला उभे राहिले. त्याच वैमानिकांच्या तळावर जॉर्ज झाबेल्का नावाचे एक धर्मगुरू होते. त्यांनी त्या वैमानिकांना आशीर्वाद दिला होता. पुष्कळ वर्षांनी त्यांना वाटले की, आपण गप्प राहिलो हेच आपले पाप. आणि ते त्यांनी जाहीरपणे कबूल केले.

या दोघांत बरोबर कोण, हे मी ठरवीत नाही. मला वाटते एवढेच की दोघांनाही प्रश्न भेटला तो बाँब पडून गेल्यावर.

दुसरी बाजू लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत कार निकोबारचा हवाई तळ उद्ध्वस्त झाला, वायुसेनेची शंभरावर माणसे व कुटुंबीय गेले. तरी बेटांवर अडकलेल्यांना आणावयास वायुसेनेचीच विमाने धावली. जून २०१३ मध्ये उत्तराखंडच्या पुरात लोकांना वाचवताना हेलिकॉप्टर कोसळून त्यातील वीसही जण मरण पावले. शिवाय, आपण सारे कोणाच्या तरी पहाऱ्याखाली झोपतो. आपला मुलगा नको, दुसऱ्याचा चालेल, हे तर नीतीचे उत्तरच नव्हे.

म्हणून जाऊ नकोस, असे मी म्हणणार नाही. ज्याच्या मनात शंका आहे त्याने पदवीनंतरच्या मार्गाचा जरूर विचार करावा. ती तीन वर्षे वाया जात नाहीत. चढत्या वयात अंगी बाणणारी शिस्त मागाहून तितकी भिनत नाही, असे सैन्यातली माणसे सांगतात, आणि त्यात तथ्य असेल. पण प्रभूने दृष्टांतात ज्या राजाविषयी सांगितले, तो युद्धास निघण्यापूर्वी खाली बसून विचार करतो. निघाल्यावर नव्हे.

तेव्हा सही करण्यापूर्वी एका संध्याकाळी मुलाला जवळ बसवा. परीक्षेची पुस्तके बाजूला ठेवा. त्याला विचारा: "आज्ञा चुकीची आहे असे तुला वाटले, आणि हातात फक्त एक मिनिट असले, तर तू काय करशील?" तो बहुधा गोंधळेल. उत्तर सांगण्याची घाई करू नका. कदाचित तोच उलट विचारील, "बाबा, तुम्ही काय केले असते?"