ड्रॉइंग कुठंय?

भंगारात निघालेली वस्तू घेताना माणूस आधी वजन विचारतो. चिकलठाणा एमआयडीसीतल्या टूलरूममधून निवृत्त झालेल्या माझ्या एका स्नेह्यांनी ते विचारलं नाही. कॉलेजच्या लिलावात निघालेल्या, टेबलावर मावेल एवढ्या सीएनसी मिलिंग मशीनच्या बेडवरून त्यांनी तळहात फिरवला, एक्सचा स्क्रू हातानं पुढेमागे करून पाहिला, “प्ले नाही फारसा” म्हणाले आणि टेम्पो बोलावला. मशीन बंद का पडलं होतं? तर सोबतच्या संगणकाला मागून लावायचा डाँगल हरवला होता. बोटाएवढा प्लास्टिकचा तुकडा! तो नसला की सॉफ्टवेअर उघडत नाही, आणि सॉफ्टवेअर उघडलं नाही की ओतीव बेड, बॉलस्क्रू, स्पिंडल, तीन मोटरी, सगळंच मुकं. झिजलं तर ते जवळपास नव्हतंच. विद्यार्थ्यांना हात लावू दिल्याशिवाय झिजणार कसं, हा प्रश्न वेगळा.

गंमत अशी की सीएनसीची भाषा कुणाच्या मालकीची नाही. जी०० म्हणजे झपाट्यानं जा, जी०१ म्हणजे ठरल्या वेगानं सरळ कापत जा, हे वाळूजच्या कुठल्याही शेडमधला ऑपरेटर झोपेत सांगेल. कुलूप आहे ते ही भाषा ऐकून मोटरींना हुकूम देणाऱ्या पेटीला. १९५२ साली अमेरिकेत एमआयटीनं पहिलं अंकनियंत्रित मिलिंग मशीन दाखवलं, तेव्हा हुकूम कागदी पट्टीवरच्या भोकांतून जात. आपल्या शहराला भोकांची ही विद्या परकी नाही. हिमरूच्या जकार्ड मागावर वर टांगलेली पुठ्ठ्याची पत्रं म्हणजे तरी दुसरं काय? पण पत्र उजेडासमोर धरलं की जाणत्याला नक्षी कळते, फाटलं तर नवं टोचता येतं. ते विकणारा किल्ली आपल्या खिशात ठेवून जात नाही.

स्नेह्यांनी पेटी काढून टाकली. मोटरी ठेवल्या, नवे ड्रायव्हर घेतले, जुन्या संगणकावर लिनक्ससीएनसी चढवलं. या प्रणालीचं मूळ अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेत आहे. तिथून ती सर्वांसाठी खुली झाली आणि पुढे हौशी मंडळींनी वाढवली. पैसे पडत नाहीत, पण फुकटही मिळत नाही. जुनी पेटी जे गुपचूप जाणत होती, ते आता आपल्याला ठाऊक असावं लागतं. मोटर एका फेऱ्यात २०० पावलं टाकते, ड्रायव्हर प्रत्येक पावलाचे १० तुकडे करतो, स्क्रूचा पिच ५ मिलिमीटर धरला, म्हणजे मिलिमीटरला ४०० तुकडे. आकडा भरला, १० मिलिमीटरचा हुकूम दिला, तर टेबल सरकलं ८. दोन दिवस वायरिंगवर संशय घेण्यात गेले. शेवटी डायल गेज लावून एक फेरा मोजला, तर पिच ४ चाच. तीस वर्षं मायक्रॉनमध्ये काम केलेला हा माणूस त्या संध्याकाळी मला म्हणाला, “मशीन चालवत आलो हो, पण टेबल ‘का’ सरकतं हे आज कळलं.”

पेटी बंद ठेवणाऱ्यांची बाजू अगदीच लटकी नाही. कारखान्यातून आलेली पेटी त्या मशीनला जुळवलेली असते आणि वर्षानुवर्षं कुरकुर न करता चालते. हौसेनं जोडलेल्या बोर्डाला स्पिंडल सुरू होताच विजेचा गोंधळ सहन होत नाही. शिवाय काही हौशी लोक लाल बटणसुद्धा सॉफ्टवेअरवर सोपवतात, ते मला मुळीच पटत नाही. संगणक गोठला तर थांबा कोण म्हणणार? ते बटण थेट वीज तोडणारंच हवं. पण सुरक्षिततेची काळजी आणि डाँगल यांचा काय संबंध, हे मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही. केंद्र सरकारनं २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिनं पुढे ठेवलेली क्षेत्रं शेती अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणं आणि वाहनं. ती अवजारं आणि वाहनं ज्या यंत्रांवर घडतात, त्यांचं नाव त्या यादीत नाही.

खरं नवल मला दुसऱ्याच गोष्टीचं वाटतं. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, त्याभोवती सुटे भाग करणाऱ्या शेडी उभ्या राहिल्या, इंडो-जर्मन टूलरूमसारख्या संस्थेनं कारागीर घडवले. हात तयार झाले, ते कुठल्याही देशात उभे राहतील असे. पण त्या हातांपुढे येणारं ड्रॉइंग बहुतेक वेळा बाहेरून आलेलं. जॉबवर्कची ही शिस्तच आहे: टॉलरन्स त्यांचा, घाम आपला. पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ मध्ये फॅब लॅब ही यंत्रांची कार्यशाळा आली, तेव्हा तिथली कल्पना उलटी होती. अडचण गावातली, म्हणून उपाय आखायचा तोही गावातच. त्याला शिक्षण म्हणा की प्रयोग. छंदाची कार्यशाळाही त्याच आळीत राहते, पाटी लावत नाही एवढंच. आपल्याकडे छंद म्हटलं की पेटी-तबला नाही तर बागकाम. सेवानिवृत्त माणूस घरात मिलिंग मशीन आणतो म्हटल्यावर शेजारी विचारतात, “ऑर्डर कुणाची आहे?”

मशीन नीट चालू लागलं त्या दिवशी मी गेलो होतो. वाइसमध्ये ॲल्युमिनियमचा तुकडा, एंड मिल बसवलेली, झीरो घेतलेला. आधी सगळं हवेत चालवून पाहिलं. स्नेही सवयीनं हात पुसून माझ्याकडे वळले आणि म्हणाले, “हं, ड्रॉइंग कुठंय?”

आम्ही दोघंही काही क्षण गप्प. मग त्यांनी लाइटबिलाची मागची बाजू घेतली, कानामागची पेन्सिल काढली. लिमिट स्विचला ब्रॅकेट नव्हता, तात्पुरता चिकटपट्टीनं लावलेला. त्या ब्रॅकेटचं ड्रॉइंग काढायला बसले. दोन भोकांमधलं अंतर लिहिताना थांबले, खोडलं, पुन्हा लिहिलं. टॉलरन्सच्या जागी बराच वेळ काहीच लिहिलं नाही.