कूस बदलणाऱ्या देवा

पांडुरंगा, आषाढी एकादशीला तू झोपतोस, भाद्रपदात परिवर्तिनीला कूस बदलतोस आणि कार्तिकीला उठतोस. तुझी चार महिन्यांची झोप कुणी मोडत नाही. आमच्या मालकांचा श्वास मात्र झोपेत तासाला ३८ वेळा अडतो, आणि सकाळी त्यांना त्यातलं काही आठवत नाही. नांदेडच्या तपासणीत हा आकडा निघाला. ३० च्या वर गेलं की दुखणं तीव्र धरतात. तोवर नायगावात सगळे कौतुकानं म्हणायचे, काय गाढ झोपतात! घशाचे स्नायू सैल पडतात, वाट मिटते, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मग दचकून एकदाचा श्वास येतो. त्या दचक्याची वाट बघत मी जागी असते. आणि दिवसा ते नरसीच्या रस्त्यानं मोटारसायकलवर निघाले, की पेंग येईल म्हणून जीव टांगणीला.

देवा, १९८१ साली सिडनीच्या कॉलिन सलिव्हन या डॉक्टरांनी नाकातून दाबाची हवा देऊन घसा उघडा ठेवला. त्याआधी अशा गंभीर रोग्याच्या गळ्याला भोक पाडत. त्यांना ते तूच सुचवलंस, असं मी धरून चालते. तशीच मशीन आता आमच्या घरी आहे, पण मालक मध्यरात्री तिचा मास्क काढून टाकतात. हवेचा जोर सोसवत नाही म्हणतात. त्यात लाईट जाते.

डॉक्टर म्हणाले, एकानं भागत नसेल तर उपाय जोडू. खालचा जबडा जरा पुढे धरणारं साधन दातांवर बसवून मशीन लावली, तर कमी दाबावरही काम भागू शकतं. उताणं न झोपता कुशीवर झोपायचं. ते तर तुझ्याकडूनच शिकावं. वजनही उतरवायचं. २०१४ साली अमेरिकेतला एक अभ्यास आला, त्यात वजन आणि मशीन दोन्ही नेमानं सांभाळणाऱ्यांचा रक्तदाब एकेकट्या उपायापेक्षा जास्त उतरला होता. वजनाचं तेवढं तूच बघ, कारण तुझ्या एकादशीला आमच्याकडे साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी असते, आणि बारशीला माणूस आणखी जड होऊन उठतो.

तुझा शंखही यात आला आहे. जयपूरच्या डॉक्टरांनी काही रुग्णांना सहा महिने शंख फुंकायला लावला. त्यांची दिवसाची पेंग कमी झाली, श्वास अडणंही घटलं. मालकांना हे लगेच पटलं, मास्क काही पटत नाही! अभ्यास अवघ्या ३० जणांचा होता, नारायणा. शंख फुंकू देत, पण त्यापायी मशीन फडताळात जाऊ देऊ नकोस.

नवस बोलत नाही. उद्या जबड्याचं माप द्यायला नांदेडला जायचं आहे. आज रात्रभर लाईट राहू दे, मास्क पहाटेपर्यंत नाकावर राहू दे, आणि सकाळी स्टँडवर गाडी लागली की ‘पुढच्या महिन्यात बघू’ असं त्यांना म्हणू देऊ नकोस.