झोप कुणाची, सोय कुणाची?

माझ्या टीमचा रोजचा कॉल सकाळी अकराला असतो. रात्री अमेरिकेतल्या लोकांशी बोलावं लागतं, म्हणून आम्ही मागितली आणि कंपनीने सकाळ मोकळी दिली. मी नऊला उठतो, तरी मला कुणी आळशी म्हणत नाही. माझा सोळा वर्षांचा मामेभाऊ दौंडहून पहाटेच्या गाडीने पुण्याला अकरावीला जातो. रविवारी तो दहापर्यंत झोपला की मामी सुरू होते, “किती लोळशील, उन्हं डोक्यावर आली!” मला माझी वेळ मागता आली. त्याला कुणी विचारलंच नाही.

आपल्याकडे लवकर उठणं हा सद्गुण मानतात. पण वयात येताना शरीरातलं घड्याळच पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा तयार होतं आणि झोपेची वेळ दोनेक तासांपर्यंत लांबते. या वयात झोप तर आठ ते दहा तास लागते. म्हणजे अकराला डोळा लागणाऱ्या पोराला पाचला उठवलं, तर रोज किमान दोन तास बुडाले. मग पहिल्या तासाला त्याचं डोकं चालत नाही आणि आपण त्याला ‘लक्ष नाही’ म्हणतो.

८ फेब्रुवारी २०२४ ला महाराष्ट्र सरकारने मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून आदेश काढला. पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत. चांगलंच झालं. पण ज्यांचं घड्याळ खरोखर पुढे सरकलंय, ते आठवी ते बारावीचे विद्यार्थी त्यात नाहीत. कॅलिफोर्नियात २०२२ पासून कायद्यानेच बहुतेक हायस्कुलं साडेआठच्या आधी भरत नाहीत.

“उशिरा भरवली तर पोरं अजून उशिरा झोपतील,” हा नेहमीचा आक्षेप. सिएटलने २०१६ मध्ये हायस्कूलची वेळ ७:५० वरून ८:४५ केली. तिथे मुलांची झोप सरासरी अर्ध्या तासाहून जास्त वाढली.

शिरूर-दौंडच्या खेड्यांतली हायस्कुलं तशी साडेदहा-अकराला भरतात. तरी झोप पुरत नाही, कारण मोकळी सकाळ दिसली की तिथे कुणीतरी क्लास लावतं. शेतीची लाईट रात्रीची आली, तर मोटर चालू करायला जाणाऱ्या बापाबरोबर बॅटरी धरायला पोरगं जातं. वडील रांजणगाव किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीत असतील, तर अख्खं घर पाळीप्रमाणे जागतं. क्लासची, विजेची, कारखान्याची अशी प्रत्येकाची सोय पोराच्या झोपेतून वजा होते. तो तक्रार करत नाही, म्हणून ती सगळ्यांना फुकट वाटते.

वेळ उशिरा केली तर सुटायलाही उशीर होणार, ही अडचण खरी आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात वीसेक दिवसांत बिबट्याने तिघांचा जीव घेतला. त्यात एक तेरा वर्षांचा मुलगा होता. तिथे पोरं अंधारात घरी यावीत, असं मी कधीच म्हणणार नाही. त्या हल्ल्यांनंतर बिबट्याच्या पट्ट्यातल्या जिल्हा परिषद शाळांच्या वेळा बदलण्यात आल्या. म्हणजे वेळापत्रक दगडावरची रेघ नाही. धोका डोळ्यांना दिसला की ते हलतं.

अर्धवट झोपेचा धोका असा दिसत नाही. तो मार्कांत, चिडचिडीत आणि गाडीतल्या डुलक्यांत विखुरलेला असतो. त्यामुळे तो पोराच्या स्वभावावर खपवणं सोपं जातं. मला यातला अन्याय तोच वाटतो. आपण आधी त्याचा वेळ वाटून घेतो, मग उरलेल्या थकव्याला ‘आळस’ म्हणतो.

शेतीला दिवसा वीज, शाळेआधी क्लास नाही, सकाळच्या ज्युनिअर कॉलेजची पहिली घंटा तासभर पुढे. यातलं काहीच फुकट होणार नाही. बस, पाळ्या, शिक्षकांचं वेळापत्रक, सगळं थोडं थोडं हलवावं लागेल. ती गैरसोय मोठ्यांनी सोसायची, कारण आपल्याला निदान बोलता तरी येतं.