बिलावरून आजार ओळखताना

माझी भाची दातांची डॉक्टर. बी.डी.एस. झाल्यावर दोन वर्षं तिनं दुसऱ्याच्या दवाखान्यात तुटपुंज्या पगारावर रूट कॅनॉल केले. आता तिला अमेरिकेत जाऊन एम.एस. करायचं आहे. हेल्थ इन्फॉर्मेटिक्स आणि बिझनेस ॲनालिटिक्स, दोन्ही एकत्र. घरात चर्चा झाली ती कर्ज किती, व्याज किती आणि शिक्षण संपल्यावर तिथे किती दिवस नोकरी करता येईल याची. (अभ्यासक्रम ‘स्टेम’ म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीत बसत असेल तर एका वर्षावर आणखी २४ महिने, हे आता ताईलाही पाठ झालंय.) तिथे जाऊन शिकायचं काय, हे मात्र कोणी विचारलं नाही.

रुग्णाची माहिती नोंदवायची कशी, जपायची कशी, एका यंत्रणेतून दुसरीत नेताना तिचा अर्थ सांडू कसा द्यायचा नाही, हा पहिला विषय. आकड्यांवरून पैशाचे आणि माणसांच्या नेमणुकीचे निर्णय कसे घ्यायचे, हा दुसरा. अमेरिकेत हे दोन्ही एकत्र नांदायला लागले याला तिथलं सरकार बरंचसं कारणीभूत आहे. २००९च्या हायटेक कायद्यानं रुग्णालयांना संगणकीय नोंदींसाठी पैसे देऊ केले आणि कागदी फायली भराभर मागे पडल्या. १ ऑक्टोबर २०१५ला आजारांची नवी संकेतसूची लागू झाली, तेव्हा निदानाचे साधारण १४ हजार कोड होते ते ६८ हजारांच्या घरात गेले. कासव चावलं तर त्यालाही स्वतंत्र कोड आहे. यातली मेख अशी, की हाच कोड विमा कंपनीच्या बिलावरही जातो. आजाराची नोंद आणि पैशाचा हिशेब एकाच ओळीत. ती ओळ दोन्ही बाजूंनी वाचू शकणारा माणूस मग सगळ्यांनाच हवासा झाला, आणि विद्यापीठांनी त्याची पदवी काढली.

पदवी काढली याबद्दल माझी तक्रार नाही. माहितीपत्रकात ती ज्या कारणासाठी विकली जाते ते कारण मला लंगडं वाटतं. ‘दोन क्षेत्रांत संधी’ म्हणे. खरी गरज संधीची नाही, या दोन विषयांचं एकाच डोक्यात भांडण लागण्याची आहे.

२०१९मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. लिहिणाऱ्यांत झियाद ओबरमायर हे तातडीच्या विभागात काम केलेले डॉक्टर होते आणि सेंधिल मुलईनाथन हे शिकागोच्या बिझनेस स्कूलमधले अर्थतज्ज्ञ. अमेरिकेतली मोठी रुग्णालयं आणि विमा कंपन्या एक संगणकीय सूत्र वापरत होत्या. कोणत्या रुग्णाकडे जास्त लक्ष द्यायला हवं, कोणाला वेगळी नर्स, वेगळ्या भेटी, औषधांचा पाठपुरावा द्यायचा, हे ते सूत्र सुचवी. त्यात रुग्णाचा वर्ण घातलेलाच नव्हता. तरीही समान गुण मिळालेल्या दोघांत काळा रुग्ण गोऱ्यापेक्षा जास्त आजारी निघे.

असं का व्हावं? सूत्राला विचारलं होतं, ‘पुढच्या वर्षी या माणसावर किती खर्च होईल?’ विचारणाऱ्यांच्या मनात होतं, ‘हा किती आजारी आहे?’ दोन्ही प्रश्न एकच असं गृहीत धरलं होतं. पण ज्याला डॉक्टरकडे जायला सुट्टी मिळत नाही, ज्याच्या वस्तीजवळ दवाखाना नाही, जो गेलाच तर ज्याचं दुखणं कमी मनावर घेतलं जातं, त्याच्यावर खर्च होतच नाही. आजार अंगावर काढलेला, बिल मात्र लहान. सूत्रानं लहान बिल पाहिलं आणि माणूस ठणठणीत ठरवला. गणितात चूक नव्हती. खर्चाचा अंदाज चांगलाच बरोबर येत होता, आणि हिशेबनीस असता तर त्यानं पाठ थोपटली असती. ही तफावत दूर केली तर जादा मदतीला आपोआप पात्र ठरणाऱ्यांत काळ्या रुग्णांचं प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जातं, असं या लेखकांनी दाखवलं. एक रकाना चुकीचा निवडला होता, एवढंच.

खर्चाचा रकाना निवडणारे दुष्ट नव्हते. तो हाताशी होता, नीट भरलेला होता. बिल कोणी अर्धवट भरत नाही ना! दुखणं अर्धवट नोंदवलं जातं.

याच जातीची एक जुनी गोष्ट आहे, नव्वदच्या दशकातली. न्यूमोनियाच्या रुग्णांत कोणाला मरणाचा धोका जास्त हे संगणकाला शिकवायचं चाललं होतं. संगणक शिकला की दमा असलेल्यांना धोका कमी. कारण दमेकऱ्याला न्यूमोनिया झाला की डॉक्टर त्याला थेट अतिदक्षता विभागात हलवत आणि तो वाचे. वॉर्डात एक दिवस काढलेल्या कोणालाही हे ठाऊक असतं. आकड्यांत ते कुठेही लिहिलेलं नव्हतं.

मागे एका तालुक्याच्या गावी ओपीडीचं रजिस्टर चाळायला मिळालं होतं. रक्तदाबाच्या रकान्यात १२०/८०, १२०/८०, पानभर १२०/८०. खाली एकदा १३०/८०, बहुधा लिहिणाऱ्याला स्वतःचीच लाज वाटली असावी. सिस्टरांना विचारलं तर म्हणाल्या, ‘‘दीडशे पेशंट, मी एकटी. मशीन मोजते तेव्हा खरं लिहिते.’’ हे पान आता संगणकावर चढतं. चढल्यावर त्याला डेटा म्हणतात आणि कोणी तरी त्याचा सुबक आलेख काढतं.

आपल्याकडे याच्या उलट वाटेनं गेलेलं एक जोडपं आहे. अभय आणि राणी बंग जॉन्स हॉपकिन्समधून सार्वजनिक आरोग्याची पदवी घेऊन १९८४च्या सुमारास परतले आणि गडचिरोलीत गेले. तिथे त्यांनी तयार आकडे घेतले नाहीत. गावातल्या बायकांना बाळाचं वजन करायला, श्वास मोजायला, ते लिहून ठेवायला शिकवलं. घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेऊन मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, हा त्यांचा निबंध १९९९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. पुढे ‘कोवळी पानगळ’ या अहवालानं दाखवलं, की राज्यात प्रत्यक्ष मरणारी मुलं सरकारी दप्तरातल्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. दप्तरावर कितीही हुशार विश्लेषण केलं असतं तरी ही मुलं सापडली नसती, कारण ती तिथे नव्हतीच.

पैशाचा विचार म्हणजे पाप, असं मी म्हणत नाही. हिशेब न ठेवणारं रुग्णालय बंद पडतं आणि मग गरिबालाच लांब जावं लागतं. कोणत्या वारी किती नर्स लागतील, कोणतं औषध पडून राहून मुदतबाह्य होतं, हे सांगणारा माणूस पुण्यात काय किंवा पिट्सबर्गमध्ये काय, हवाच. पण एक वर्ष नोंदींचं आणि एक वर्ष नफ्याचं असे दोन डबे जोडून गाडी होत नाही. बॅलन्सशीट शिकवणाऱ्या प्राध्यापकाच्या वर्गात कोणीतरी हात वर करून ‘हा आकडा कोणी, कधी, किती घाईत भरला?’ असं विचारलं पाहिजे, आणि ते विचारायचं धैर्य येण्यासाठी त्या विद्यार्थ्याला महिनाभर तरी नोंद करणाऱ्याच्या खुर्चीत बसवलं पाहिजे.

भाचीला मी एवढंच म्हटलं, की अभ्यासक्रमात वॉर्ड कुठे आहे ते बघ. तिनं रात्री लॅपटॉपवर शोधलं. शेवटच्या सत्रात एक प्रकल्प आहे, त्यासाठी रुग्णालयाचा डेटा मिळतो, ‘आधीच साफ केलेला’.

‘‘मामा, साफ करताना काढलं काय असेल?’’ तिनं विचारलं. मग तोच प्रश्न तिनं प्रवेश विभागाला मेलनं पाठवला. उत्तर आलं, त्यासोबत शिष्यवृत्तीचा फॉर्म होता.