झेंडा पनामाचा, मुलगा रत्नागिरीचा

16 मार्च 2024 रोजी भारतीय नौदलाने ‘रुएन’ हे जहाज सोमाली चाच्यांच्या तावडीतून सोडवले. सी-17 विमानातून मार्कोस कमांडो आणि त्यांच्या बोटी भर समुद्रात उतरल्या, 35 चाचे शरण आले, 17 खलाशी सुखरूप सुटले. त्या सतरा जणांत एकही भारतीय नव्हता. बरोबर चार आठवड्यांनी, 13 एप्रिलला, होर्मुझच्या सामुद्रधुनीजवळ इराणच्या क्रांती रक्षकांनी ‘एमएससी एरीज’ ताब्यात घेतले. त्यावरच्या पंचवीस जणांत सतरा भारतीय होते. या वेळी सी-17 उडाले नाही आणि उडायला नकोच होते. पण तेव्हापासून कुठेही जहाज अडकले की ‘रुएन’ची चित्रफीत व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागते आणि तिच्याखाली सरकारला जाब विचारला जातो : तेव्हा जमले, मग आता नौदल गप्प का?

या प्रश्नामागे एक ठाम समजूत आहे. बलवान राष्ट्र आपला खलाशी मनगटाच्या जोरावर सोडवून आणते, दुबळे राष्ट्र विनवण्या करते, आणि इतिहास हेच शिकवतो. माझ्या मते इतिहास याच्या जवळजवळ उलटे शिकवतो.

चाचा आणि राज्य यांतला फरक आपल्याला तरी नव्याने सांगायला नको. कान्होजी आंग्र्यांना इंग्रज चाचा म्हणत. आंग्रे मराठी राज्याचे सरखेल होते आणि आपले दस्तक नसलेली जहाजे धरणे हा त्यांच्या लेखी हक्क होता. पोर्तुगीज त्याआधी दोनशे वर्षे कार्ताझ नावाच्या परवान्यावर हेच करत आले होते. 1712 मध्ये आंग्र्यांनी मुंबईच्या गव्हर्नरचे जहाज धरले, तेव्हा त्यावर कारवारच्या वखारीच्या प्रमुखाची पत्नी होती. इंग्रजांनी 30 हजार रुपये मोजून तिला सोडवले. पुढे ते आरमार घेऊन विजयदुर्ग, खांदेरी, कुलाबा इथे आले आणि हात हलवत परत गेले. म्हणजे माणूस आणला तो पैशाने. तोफा नंतर वाजल्या, त्याही अब्रूसाठी.

हाच क्रम पुढे वारंवार दिसतो. 1914 मध्ये मेक्सिकोतल्या टाम्पिको बंदरात नऊ अमेरिकी नाविकांना अटक झाली. थोड्याच वेळात त्यांना सोडून तोंडी माफीही मागितली गेली. अमेरिकी अ‍ॅडमिरलला मात्र एकवीस तोफांची सलामी हवी होती. ती मिळाली नाही आणि त्याच महिन्यात अमेरिकी फौजा व्हेराक्रूझमध्ये उतरल्या. 1975 मध्ये कंबोडियाने ‘मायाग्वेझ’ हे जहाज पकडले. जवळच्या बेटावर अमेरिकी मरीन लढत होते तेव्हा जहाजावरची माणसे तिथे नव्हतीच. कंबोडियाने त्यांना सोडूनही दिले होते. चाळीसेक खलाशांसाठी एक्केचाळीस सैनिक गेले.

याच्या शेजारी ‘प्वेब्लो’ ठेवून पाहा. 1968 च्या जानेवारीत उत्तर कोरियाने हे अमेरिकी हेरजहाज धरले आणि 82 जणांना अकरा महिने डांबून ठेवले. अखेर एका अमेरिकी जनरलने कोरियाला हव्या त्या माफीनाम्यावर सही केली. सही करण्याआधी त्याने मोठ्याने वाचून दाखवले की, हा मजकूर खोटा आहे आणि मी माणसे सोडवण्यासाठी सही करतो आहे. कोरियाला कागद मिळाला, अमेरिकेला माणसे मिळाली, नाताळ घरी झाला. जहाज अजून प्योंगयांगमध्ये आहे. असल्या माफीनाम्यावर आज आपल्याकडे कुणी सही केली, तर त्याची काय गत होईल याची कल्पना न केलेली बरी.

इथवर फारसा वाद नाही. जे वळण सगळेच, म्हणजे कंपन्या, अधिकारी आणि कधीकधी खलाशांचे पुढारीही, चुकीचे वाचतात ते वेगळे आहे. खलाशाचा पालक कोण, हा तो प्रश्न.

अठराव्या शतकात उत्तर सोपे होते : ज्याचा प्रजाजन त्याचा खलाशी. पण या उत्तराला भयंकर धार होती. ब्रिटिश आरमार अमेरिकी जहाजे थांबवून त्यांवरचे खलाशी उचलून नेई, कारण जन्माने ब्रिटिश तो मरेपर्यंत राजाचा. 1807 मध्ये ‘लेपर्ड’ने तर ‘चेसापीक’ या अमेरिकी युद्धनौकेवर तोफा डागून चौघांना नेले. 1812 च्या युद्धाचे हे एक मोठे कारण होते, आणि 1814 च्या घेंटच्या तहात त्याविषयी अक्षर नाही. नेपोलियन पडला, ब्रिटनला माणसांची गरज उरली नाही, प्रश्न आपोआप विझला. पुढे 1842 मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डॅनियल वेबस्टर यांनी ब्रिटनला लिहून कळवले की, अमेरिकी कागदपत्रे असलेल्या व्यापारी जहाजावरच्या खलाशांना वर फडकणाऱ्या झेंड्याचेच संरक्षण राहील. झेंड्याची कल्पना इथे ढाल म्हणून आली आहे, आणि तीही खलाशाला त्याच्या स्वतःच्याच राजापासून वाचवण्यासाठी. हे विसरले की पुढचे सगळे वाकडे दिसते.

चौदा वर्षांनी त्याच कल्पनेचा वापर कसा झाला पाहा. 8 ऑक्टोबर 1856 रोजी कँटनमध्ये चिनी अधिकाऱ्यांनी ‘अ‍ॅरो’ नावाच्या गलबतावरचे बारा खलाशी पकडले. खलाशी चिनी, मालक चिनी, बंदर चिनी. फक्त नोंदणी हाँगकाँगची, आणि तिचीही मुदत अकरा दिवसांपूर्वी संपलेली. ब्रिटिश वाणिज्यदूत हॅरी पार्क्सने झेंड्याचा अपमान झाल्याचे सांगून चिनी अधिकाऱ्यांनी माफी मागावी अशी मागणी केली. चिनी आयुक्त ये मिंगचेनने बाराही जणांना परत पाठवले, पण माफीविना. दुसऱ्या दिवसापासून ब्रिटिश आरमाराने कँटनच्या किल्ल्यांवर हल्ले सुरू केले. दुसऱ्या अफू युद्धाची ही सुरुवात, आणि ज्या अफूसाठी ते झाले तिच्यातली बरीच माळव्यातून मुंबईमार्गे जात होती. या युद्धावरून पार्लमेंटमध्ये ब्रिटिश पंतप्रधान पामर्स्टन हरले, त्यांनी निवडणूक लावली आणि जिंकले. झेंड्याच्या नावाने मते तेव्हाही मिळत.

‘अ‍ॅरो’ हे निमित्त होते हे शाळेतल्या पुस्तकातही असते. त्या निमित्तातला कायदेशीर दावा मात्र टिकला, वाढला आणि शेवटी सभ्य झाला. मधल्या काळात झेंडा भाड्याने मिळू लागला. 1922 मध्ये दोन अमेरिकी प्रवासी जहाजांनी पनामाचा झेंडा घेतला, कारण दारूबंदीमुळे अमेरिकी झेंड्याखाली उतारूंना दारू देता येत नव्हती. 1948 मध्ये लायबेरियाने दुकान उघडले, नंतर मार्शल बेटांनी; या दोघांच्या नोंदण्यांचा कारभार अमेरिकेतल्या व्हर्जिनियातून चालतो. मग 1997 मध्ये गिनीने ‘सायगा’ हे टँकर पकडले. झेंडा सेंट व्हिन्सेंटचा, खलाशी बहुतेक युक्रेनचे. नोंदणीची मुदत इथेही उलटून गेली होती. हे खलाशी तुमचे नागरिक नाहीत, मग तुमचा संबंध काय, असे गिनीने विचारले. हँबर्गच्या सागरी न्यायाधिकरणाने 1999 मध्ये निकाल दिला की जहाज, त्यावरची प्रत्येक वस्तू आणि प्रत्येक माणूस मिळून एकच घटक, आणि त्या सगळ्यासाठी झेंड्याचा देश दाद मागू शकतो. पार्क्सने जे तोफेच्या बळावर म्हटले, ते आता न्यायाधीशांनी म्हटले, आणि या वेळी ते न्याय्यही होते.

चूक इथून पुढे होते. हा निकाल वाचून सगळ्यांनी असे गृहीत धरले की पालक बदलला : आता झेंड्याचा देश बघेल, खलाशाच्या देशाने फार तर विनंती करावी. निकालात असे काहीही नाही. आंतरराष्ट्रीय विधी आयोगाने 2006 मध्ये राजनैतिक संरक्षणाविषयी जो मसुदा केला, त्याच्या अठराव्या कलमाने हे साफ केले : झेंड्याच्या देशाला हक्क आहे म्हणून खलाशाच्या स्वतःच्या देशाचा हक्क उणा होत नाही. वेबस्टरपासून आजपर्यंत झेंडा हा दुसरा पालक म्हणून आला, पहिल्याच्या जागी नव्हे. पण दोन पालक झाले की जबाबदारी टोलवायला सोपी जाते, आणि तसेच झाले.

2019 च्या उन्हाळ्यात याचे टोक दिसले. 4 जुलैला जिब्राल्टरमध्ये ब्रिटिशांनी इराणी तेल वाहणारे ‘ग्रेस 1’ धरले. 19 जुलैला इराणने ब्रिटिश झेंड्याचे ‘स्टेना इम्पेरो’ धरले. लंडन आणि तेहरान यांच्यातले भांडण म्हणून जगाने ते पाहिले. ‘ग्रेस 1’ वरच्या अठ्ठावीस जणांपैकी चोवीस भारतीय होते आणि ‘स्टेना इम्पेरो’ वरच्या तेविसांपैकी अठरा. दोन्ही बाजूंनी ओलीस आपलेच, आणि भांडण आपले नाहीच. इथे नौदल कुणावर पाठवायचे होते?

‘एरीज’ही तसेच. झेंडा पोर्तुगालचा, जहाजावर पोर्तुगीज एकही नाही. परराष्ट्र खाते तेहरानशी बोलत राहिले आणि जहाजावरची भारतीय कॅडेट मुलगी पाच दिवसांत परत आली. बाकीच्यांच्या बाबतीत करार आणि तांत्रिक बाबी आडव्या आल्या. या तांत्रिक बाबी म्हणजेच खरा प्रश्न, पण त्यांची चित्रफीत बनत नाही. सागरी कायद्यात अडकवलेले जहाज तातडीने सोडवण्याची सोय आहे, पण ती मुख्यतः मासेमारी आणि प्रदूषणाच्या गुन्ह्यांपुरती, आणि अर्ज झेंड्याच्या देशाने किंवा त्याच्या वतीनेच करायचा. 2022 मध्ये ‘हिरोइक इदुन’वर सोळा भारतीय इक्वेटोरियल गिनीत अडकले, तेव्हा ज्यांचा झेंडा त्या मार्शल बेटांनी असा अर्ज केलाही, पण सुनावणीआधीच जहाज नायजेरियाकडे सोपवले गेले आणि माणसे परतली ती 2023 च्या उन्हाळ्यात.

नौदलाच्या पराक्रमाला किंमत नसते असेही नाही. 2011 च्या पहिल्या तीन महिन्यांत आपल्या नौदलाने चार कारवायांत 120 सोमाली चाचे पकडून मुंबईला आणले. कारवाया योग्यच होत्या. पण त्याच एप्रिलमध्ये ‘अ‍ॅस्फाल्ट व्हेंचर’ची खंडणी मिळाल्यावर चाच्यांनी जहाज सोडले, आठ जण सोडले आणि सात भारतीयांना मागे ठेवले : आमची माणसे द्या, मग तुमची घ्या. ते सात जण ऑक्टोबर 2014 मध्ये सुटले. साडेतीन वर्षांच्या त्या काळात आपल्या वाहिन्यांनी त्यांची आठवण किती वेळा काढली?

आवाज कुणासाठी उठतो हेही पाहण्यासारखे आहे. डहाणू-तलासरीकडची आदिवासी मुले गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात आणि सागरी सीमेवर पाकिस्तानच्या हाती लागतात. तिथे झेंड्याचा घोळ नाही : बोट भारतीय, माणूस भारतीय. त्यांच्या वाट्याला येते ती दर 1 जानेवारी आणि 1 जुलैला दोन्ही देशांनी एकमेकांना द्यायची कैद्यांची यादी. त्यांच्यासाठी कुणी सी-17 मागितल्याचे मी ऐकलेले नाही.

जगाला खलाशी पुरवणाऱ्या मोठ्या देशांत आपण आहोत आणि ते पाठवणाऱ्या एजंटांचे परवाने मुंबईतल्या नौवहन महासंचालनालयाच्या हातात आहेत. सागरी कामगार कराराच्या 2018 च्या दुरुस्तीनुसार, चाच्यांनी पकडलेल्या खलाशाचा करार आणि पगार सुटकेपर्यंत चालू राहतो. एखाद्या सरकारने पकडले तर मात्र ही दुरुस्ती लागू होत नाही. ती लागू व्हावी असा आग्रह भारताने फिलिपिन्सला बरोबर घेऊन धरावा. तोवर ‘झेंडा कुणाचाही असो, कोणत्याही कारणाने अडकलास तरी पगार, वकील आणि घरच्यांशी बोलणे मालकाकडून मिळेल’ ही अट आपल्याच परवान्यात घालावी. त्यासाठी विमान लागत नाही, तेहरानची परवानगीही लागत नाही. मुलगा बोटीवर आहे असे अभिमानाने सांगणाऱ्या कोकणातल्या घरांनी आपल्या खासदाराकडे पहिली मागणी हीच करावी.