चार रात्रींचा शब्द

शब्द दिला म्हणजे नेमके काय दिले, हा प्रश्न मी वर्गात मुलांना पुष्कळदा विचारला आहे. हरिश्चंद्राची गोष्ट सांगून झाली की हा प्रश्न टाकायचा, ही माझी जुनी मास्तरकी युक्ती. मुले चटाचट उत्तरे देतात. गेल्या दिवाळीत एका धनगराने तोच प्रश्न, न विचारताच, माझ्यापुढे आणून ठेवला, आणि मला काही उत्तर सुचले नाही.

आमचे गाव चाकणच्या पुढे, भामा नदीच्या अलीकडे. पश्चिमेला पाहिले की भामचंद्राचा डोंगर दिसतो. तुकोबा एकांतासाठी तिथे जाऊन बसत. त्या अंगाला आमची एक मुरमाड पट्टी होती. बाजरी निघाली की ती मोकळी पडे, आणि कांद्याच्या लागणीपर्यंत मधले जे दिवस उरत त्यांत फलटणकडच्या एका धनगराचा वाडा तिथे उतरे. वाडा म्हटले की शहरातल्या वाचकाला चिरेबंदी घर आठवेल. धनगराचा वाडा म्हणजे दोन-तीन बिऱ्हाडे, दोनएकशे मेंढरे, चार घोडी आणि कुत्री, छप्पर आभाळाचे. मेंढरे चार रात्री रानात बसवायची, त्यांचे खत जमिनीला, आणि धनगराला पायलीच्या मापाने धान्य. अलीकडे रोख पैसे. तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्यांना सांगून ठेवले होते, "आम्ही आहोत तोवर या चार राती तुमच्या." मी तेव्हा शाळेत जात होतो. बांधावर बसून ते बोलणे मी ऐकले होते.

तात्या गेले. आणि गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात आम्ही ती पट्टी विकली. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, 1962 साली औद्योगिक विकास महामंडळ निघाले, आणि मग कारखाने भोसरी ओलांडून चाकणच्या माळावर कसे आले, ते इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आम्ही काही वेगळे केले नाही. मुलीचे शिक्षण होते, घराचे काम अर्धवट होते. विकल्याचा मला पश्चात्ताप नाही, हेही सांगून टाकतो. नाहीतर वाचक उगाच माझ्यासाठी हळहळायचे.

टोचते ते निराळेच. आबांचा फोन नंबर माझ्याजवळ होता. त्यांना मी कळवले नाही. आधी वाटले, खरेदीखत होऊ दे. मग वाटले, पाऊस सरू दे. मग दसरा आला, आणि आता ते निघालेच असतील, वाटेत कशाला त्यांच्या जिवाला घोर, अशी माझी मीच समजूत घातली. लिहिणाऱ्या माणसाला सबबी फार सफाईने सुचतात.

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी, दिवे लागायच्या सुमारास, धाकट्या पुतण्याने निरोप आणला की मेंढरे रस्त्यावर अडली आहेत. गेलो. पट्टीला हिरव्या पत्र्याचे कुंपण, फाटकाशी रखवालदार, आणि शिक्रापूरकडून आलेल्या कंटेनरांच्या रांगेला लागून दोनशे मेंढरे एकमेकांच्या अंगात तोंडे खुपसून उभी. आबा काठीवर हनुवटी टेकून पत्र्याकडे पाहत होते. मला पाहताच म्हणाले, "मास्तर, बरं हाय न्हवं? तात्यांची पट्टी वळखू येईना, मला वाटलं वाट चुकलो."

मी घाईघाईने सगळे सांगितले, जरा जास्तच सांगितले. ते ऐकून "व्हय, व्हय" म्हणाले आणि पोरांना हाक मारून रस्त्यापलीकडे, विजेच्या मनोऱ्याखाली जो सरकारी तुकडा पडला होता, तिकडे मेंढरे वळवली. घरी चला म्हणालो, तर हसले. मेंढरे सोडून धनगर घरात कसा झोपेल? तेव्हा घरून घोंगडी घेऊन मीच तिथे गेलो. कशासाठी गेलो हे तेव्हा मला नीट कळले नव्हते.

काळोखात त्यांचे काम पाहत बसलो. घोडीवरून सगळ्यांत आधी उतरली ती देवाची पाटी. तिच्यात बिरोबा-खंडोबाचे टाक, भंडाऱ्याची पुडी. मग जाळीची वाघर ठोकून मेंढरे आत घेतली. आजीने वाऱ्याचा अंदाज घेऊन तीन दगड मांडले आणि भाकरी थापायला बसली. वाटेत व्यालेल्या मेंढीचे कोकरू एका पोरीच्या ओटीत झोपले होते. मेंढरे मोजलीत का, असे मी विचारले, तर आबा म्हणाले, "मोजायचं कशाला? नसंल त्याचं त्वांड आठवतं." पाडव्याला मेंढरे शिक्रापूरच्या अलीकडेच ओवाळली होती, असेही कळले. त्यांची दिवाळी रस्त्यावरच झाली होती.

मावळचा चिखल मेंढरांना सोसत नाही, खुरे कुजतात. म्हणून पावसाळा फलटण-माणच्या कोरड्या मुलखात काढायचा, आणि पाऊस उघडला, तिकडचे गवत संपले, की पश्चिमेची वाट धरायची. जगातल्या उजाड मुलखांत राहुट्या टाकून राहणाऱ्यांची हीच रीत आहे. मोझेस सासऱ्याची मेंढरे राखत होता; महंमद पैगंबरांनीही लहानपणी मक्केभोवती मेंढ्या चारल्याचे सांगतात. आमचा खंडोबा तर बाणाईसाठी धनगराघरी मेंढरांमागे चाकरीला राहिला. मोकळ्या रानात झोपणाऱ्याला देव लवकर भेटतो, असे मी एका कादंबरीत लिहूनही टाकले होते. ते वाक्य मला फार आवडे. त्या रात्री थंडी बोचू लागली, ट्रकांचे दिवे तोंडावर येऊ लागले, आणि ते वाक्य पंख्याखाली बसून लिहिलेले आहे हे ध्यानात आले. आबांची श्रद्धा आभाळावर होती खरी, पण चार रात्रींपुरती ती आमच्यावर होती. दहा-बारा दिवस ते चालले ते कोणाच्या भरवशावर?

मी स्वतःशी वकिली करून पाहिली. हा दानधर्म नव्हता, व्यवहार होता. खत घेतले, दाणे दिले, मिटले. सातबाऱ्यावर 'इतर अधिकार' म्हणून एक रकाना असतो. त्यात बँकेचा बोजा येतो, विहिरीतला हिस्सा येतो. धनगराच्या चार रात्री तिथे कधी चढल्या नव्हत्या. घेणाऱ्याने त्या विकत घेतल्या नाहीत आणि आम्हीही विकल्या नाहीत. मग त्या गेल्या कुठे? जमिनीबरोबर गेल्या म्हणावे, तर तात्यांनी शब्द जमिनीच्या नावाने दिला नव्हता. ते म्हणाले होते, "आम्ही आहोत तोवर." आणि मी तर होतो.

कारखान्यांचे भोंगे आणि दिवे यांमुळे आमच्याकडे चांदणे आता पातळ झाले आहे. तरी मनोऱ्याच्या डाव्या अंगाला मृग वर आला तसा आबांनी हात केला, "तिकांडं उगवलं. झोपा आता." मी न राहवून विचारले, "आबा, राग आला असेल."

बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "राग न्हाई. तुम्ही सांगितलं असतं, तर निमगावच्या खंडोबाकडनं खाली वळलो असतो. मेंढरांची चाल वाचली असती." एवढेच. त्यांनी मेंढरांच्या चालीचा हिशेब मांडला, माझ्या पापपुण्याचा मांडला नाही. ते मला अधिक लागले.

पहाटे निघताना आजीने चुलीवर माती लोटली, दगड बाजूला केले. पाटी सर्वांत शेवटी घोडीवर चढली. मी म्हणालो, "पुढच्या वर्षी धाकट्या भावाच्या दीड एकरात उतरा. मी फोन करीन." आबा म्हणाले, "फोन कशाला? पुलापाशी हुबं ऱ्हावा." आणि मेंढरांमागे चालू लागले.

हे लिहितो आहे तेव्हा घरात घट बसले आहेत. भावाशी दोनदा बोललो. तो नाही म्हणत नाही. पण त्याच्याकडेही जागा पाहायला माणसे येऊन गेली आहेत, आणि दिवाळीपर्यंत काय ठरेल ते त्यालाच सांगता येत नाही. दसरा झाला की आबांचा वाडा निघेल. फोन आज करावा की भावाचे उत्तर येईपर्यंत थांबावे, या विचारात सकाळपासून तो नंबर दोनदा काढून पाहिला आहे.