खिरापतीचा डबा

भोंडल्याची गाणी संपली की आम्हा मुलींचा खरा जीव अडकलेला असायचा तो झाकण लावलेल्या डब्यात. ज्या घरची खिरापत असेल ती काकू डबा पदराआड धरायची आणि आत काय आहे ते आम्ही ओळखायचं. गोड की तिखट? ओलं की कोरडं? भाजलेलं की तळलेलं? एखादी हुशार मुलगी म्हणायची, डबा हलवून दाखवा. मग सगळ्या कान टवकारायच्या. खुळखुळ आवाज आला तर लाडू-वड्या बाद, आवाजच नाही म्हणजे शिरा किंवा उसळ. एकदा हलवल्यावर नुसती सुळसुळ झाली आणि आमच्यातली सगळ्यात लहान मुलगी ओरडली, "भडंग!" तिचं बरोबर निघालं. तिला विचारलं, कसं ओळखलंस? ती म्हणाली, "मागच्या वेळी चुरमुऱ्यांची गोणी ओतताना अस्साच आवाज आला होता."

पुढे विज्ञान म्हणजे काय हे मी पुस्तकांत पुष्कळ वाचलं. बंद वस्तूत काय आहे ते न उघडता कसं कळेल, मिळालेल्या खुणेवरून कोणत्या शक्यता गळतात आणि कोणती उरते, हे सगळं त्या डब्यापाशी आम्ही रोज करत होतो. आणि ते गाणं म्हणून झाल्यावर, फेर धरून झाल्यावर, पाटावर काढलेल्या हत्तीच्या साक्षीने करत होतो. गाणं कुठे संपलं आणि प्रश्न कुठे सुरू झाला, हे आम्हाला सांगता आलं नसतं. फेरातल्या मुलीला ते तीन कप्पे माहीतच नसतात: ही परंपरा, हे काव्य, हे शास्त्र. कप्पे आपण पाडतो, ती सोळा वर्षांची झाली की. दहावीचा निकाल लागतो आणि घरातले विचारतात, सायन्स की आर्ट्स? जणू तिच्या डोक्याची फाळणी करून एक तुकडा ठेवायचा आणि दुसरा सोडून द्यायचा.

भोंडल्याचंच घ्या. पुण्याकडे भोंडला, साताऱ्या-सांगलीकडे हादगा, विदर्भात आणि खानदेशात भुलाबाई. नावं वेगळी, दिवसही थोडे मागेपुढे. पण हादग्याचे सोळा दिवस ठरतात ते सूर्य हस्त नक्षत्रात शिरल्यावर, म्हणजे २७ सप्टेंबरच्या आसपास. हस्त म्हणजे हात, हस्ती म्हणजे हत्ती. परतीचा पाऊस गडगडत येतो तो हत्तीसारखा. पहिल्या दिवशी एक गाणं आणि एक खिरापत, दुसऱ्या दिवशी दोन, असं वाढत सोळापर्यंत. पंचांग, शेती, पाऊस, बेरीज आणि कविता, सगळं एका पाटाभोवती फिरत होतं. मी सात-आठ वर्षांची असताना विचारलं होतं, "काकू, ते हस्त आकाशात कुठाय? दाखवा ना." उत्तर आलं, "अगं, देवाधर्माच्या गोष्टीत असं विचारू नये." काकू वाईट नव्हत्या. त्यांना कुणी कधी दाखवलंच नव्हतं, एवढंच. पण तो प्रश्न माझ्या मनात विझला, आणि पुन्हा पेटायला पंचवीस वर्षं लागली. एका मुलीचा एक प्रश्न पंचवीस वर्षं अंधारात राहतो, तेव्हा घरोघरच्या किती प्रश्नांना कायमचा अंधार मिळाला असेल, याचा विचार करताना मला वाईट वाटतं, आणि रागही येतो.

हे कप्पे नसलेलं एक घर मराठी समाजात होऊन गेलं. नारायणराव भागवत रसायनशास्त्रज्ञ. त्यांच्या दोन मुली: १९१० साली जन्मलेली दुर्गा आणि तिच्या पाठची कमला. धाकटी मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाली आणि १९३३ मध्ये बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सकडे तिने अर्ज केला. संचालक होते सी. व्ही. रामन. मुलगी आहे म्हणून त्यांनी नकार दिला. कमलाबाई परत फिरल्या नाहीत. समोर जाऊन भांडल्या, मला का घेत नाही ते सांगा म्हणाल्या. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर: पहिलं वर्ष परीक्षेचं, आणि तुमच्यामुळे प्रयोगशाळेतल्या पुरुषांचं लक्ष विचलित होता कामा नये. जगातला मोठा शास्त्रज्ञ, नोबेल मिळवलेला माणूस, एका बुद्धिमान मुलीकडे बघताना तिची बुद्धी सोडून बाकी सगळं बघतो. हा अपमान कमलाबाई आयुष्यभर विसरल्या नाहीत, आणि आपणही विसरू नये. त्यांच्या कामाने मात्र रामन यांना मत बदलावं लागलं आणि पुढे त्या संस्थेचं दार इतर मुलींनाही उघडलं. कमलाबाई केंब्रिजला गेल्या. तिथे बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी सापडलं. पेशीच्या श्वसनात इलेक्ट्रॉन पुढे पोहोचवणारं हे प्रथिन. १९३९ मध्ये पीएच.डी. घेऊन त्या भारतात परतल्या. नंतर कडधान्यांतली प्रथिनं, ताडगूळ आणि नीरा यांच्या पोषणमूल्यांवर त्यांनी काम केलं. ज्यांच्या ताटात पोषण कमी पडतं त्यांना परवडेल असं काय आहे, हा त्यांचा शोध होता. नीरेवरच्या कामासाठी त्यांना राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला.

आता थोरली बहीण. दुर्गाबाईंनी लोकसाहित्य हा अभ्यासाचा विषय म्हणून मराठीत उभा केला; ओव्या, कहाण्या, उखाणे, बायकांच्या तोंडी असलेलं सगळं त्यांनी पंडितांच्या ग्रंथांइतकंच गंभीरपणे वाचलं. गोंड आदिवासींमध्ये संशोधन करताना विषारी सुरणाची बाधा झाली आणि त्या काही वर्षं अंथरुणाला खिळल्या. १९५६ साली त्यांचं 'ऋतुचक्र' आलं. एकेका महिन्याचं झाड, पान, फूल, आकाश निरखलेलं. ते ललित लेखन आहे की निसर्गाची नोंदवही, हे ठरवायला गेलात तर फसाल, कारण ते दोन्ही आहे. आणि याच बाईंनी 'खमंग' नावाचं पाककृतींचं पुस्तक लिहिलं. एक बहीण नीरेतलं पोषण मोजते, दुसरी पदार्थांमागची परंपरा नोंदवते. दोघी एकाच वस्तूकडे पाहत होत्या: आपली माणसं काय खातात, काय गातात, कशावर जगतात. एकीने परीक्षानळी घेतली, दुसरीने वही. मला वाटतं, त्या घरात कुणी "असं विचारू नये" म्हणालं नसावं.

पण हे उदाहरण सांगून थांबलं तर ते अपुरं आहे. बाप रसायनशास्त्रज्ञ असलेलं, पुस्तकांचं, ब्राह्मणी घर किती मुलींच्या वाट्याला येतं? म्हणून आणखी मागे जावं लागतं, १८५५ मध्ये. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे, वय चौदाच्या आसपास. मातंग समाजातली मुलगी. तिने निबंध लिहिला, मांग-महारांच्या दुःखाविषयी, आणि तो 'ज्ञानोदय' या नियतकालिकात फेब्रुवारी आणि मार्च महिन्यांत छापून आला. त्या वेळी तिच्या वयाच्या बहुतेक मुली अक्षराच्या वाऱ्यालाही उभ्या राहिल्या नव्हत्या. मुक्ताने वारशाबद्दल लिहिलं, पण सणावारांचं कौतुक तिला कसं सुचावं? ज्या जातीला वेद ऐकणंही पाप ठरवलं तिचा धर्म कोणता, हा तिचा प्रश्न होता. मुलींनी वारसा सांगावा असं आपण म्हणतो तेव्हा मनात नऊवारी, नथ, पुरणपोळी येते. मुक्ताचा वारसा म्हणजे हिशेब होता. मुली जेव्हा खरोखर आपापल्या घरचं सांगायला बसतील तेव्हा त्यात पैठणी येईल तशी पाणवठ्यावरची अडवणूकही येईल, आजीच्या हातची भाकरी येईल तसं आजीचं बालपणी लागलेलं लग्नही येईल. ते ऐकायची तयारी नसेल तर संस्कृती जपा असं मुलींना सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. मुक्ताच्या शब्दांना छापील जागा मिळाली म्हणून ते आज आपल्याजवळ आहेत. तिच्याच वर्गातल्या इतर मुली काय बोलत असतील, ते कुठेच नाही.

जागा मिळाली की काय घडतं, याचा आपल्याकडचा सगळ्यात मोठा पुरावा जात्यावरच्या ओव्यांचा आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं यांनी गावोगाव हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. हजारावर गावं, तीन हजारांहून जास्त बाया. पहाटेच्या अंधारात दळताना एकीने ओवी म्हणायची, दुसरीने तिला ओवी जोडायची. त्यात राम-सीता आहेत, भाऊ आहे, पाऊस आहे, दारुडा नवरा आहे आणि बाबासाहेब आंबेडकरही आहेत. कुठल्याही साहित्य संमेलनात यांतल्या बहुतेक जणी कधी बसल्या नाहीत. २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण पत्रकारितेच्या संकेतस्थळावर या ओव्या येत आहेत, गाणारीच्या नावासह आणि गावासह. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट नाव वाटते. ओवी नेहमी लोकांची, अनामिक, परंपरेची समजली गेली. इथे खाली लिहिलेलं असतं, ही अमक्या गावच्या अमकीने गायली. शतकानुशतकं जिचं नाव फक्त नवऱ्याच्या नावाला चिकटून येत होतं तिचं नाव तिच्याच शब्दाखाली आलं.

जातं गेलं, वाड्यांची अंगणं गेली, भोंडला सोसायटीच्या हॉलमध्ये एका संध्याकाळपुरता उरला. आज मुलींचा फेर भरतो तो पडद्यावर. कुणी आजीची गोष्ट आवाजात पकडून पाठवते, कुणी झाडावरच्या कोळ्याचा फोटो टाकून विचारते हा कोणता, कुणी चार ओळी लिहून थरथरत्या बोटाने पाठवते आणि उत्तराची वाट बघते. मला त्या फेराचं फार अप्रूप आहे, आणि मी त्याची बाजू घेणार आहे. वाईट माणसं तिथे आहेत, त्रास देणारे आहेत, हे खरं आहे. पण विहिरीवर आणि शाळेच्या वाटेवरही ते होते, म्हणून मुलींनी पाणी भरणं आणि शाळेत जाणं सोडलं नाही. खरी अडचण आधीच्या पायरीवर आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या पुरुषांपैकी सुमारे ५७ टक्क्यांनी कधीतरी इंटरनेट वापरलेलं होतं. बायकांत हे प्रमाण सुमारे ३३ टक्के होतं. म्हणजे दर तिघींपैकी दोघी फेराच्या बाहेर. घरात एकच फोन असेल तर तो आधी बापाचा, मग भावाचा, आणि तिचा असेल तो रात्री भांडी घासून झाल्यावर उरलेला अर्धा तास.

त्या अर्ध्या तासातही आपण तिच्याकडून काय मागतो? बक्षीस. कविता लिहितेस तर स्पर्धेत पाठव. प्रयोग केलास तर प्रदर्शनात मांड. किती जणांनी वाहवा केली ते सांग. मला हे मुलींच्या वाढीला मारक वाटतं. फेराला मधलं आसन नसतं, पुढची रांग नसते. भडंग ओळखणाऱ्या त्या लहानगीला कुणी पदक दिलं नाही. तिला विचारलं गेलं, कसं ओळखलंस? त्या एका प्रश्नाने तिला कळलं की आपल्या कानाने टिपलेली गोष्ट महत्त्वाची आहे. ओवीला बक्षीस लागत नव्हतं, ओवीला ओवी लागत होती. मुलीने लिहिलेल्या ओळीला दुसरी ओळ, तिच्या प्रश्नाला उत्तर, आणि उत्तर येत नसेल तर "चल, शोधू" एवढं म्हणणारं माणूस.

माझ्या जुन्या प्रश्नाचं उत्तर मला उशिरा मिळालं, पण मिळालं. हादग्याच्या दिवसांत हस्त दिसत नाही, कारण तेव्हा सूर्यच त्याच्या बाजूला असतो आणि ते तारे त्याच्या उजेडात बुडालेले असतात. ज्याच्या नावाने आम्ही सोळा दिवस नाचत होतो तो आम्हाला भेटायला येतो तो उन्हाळ्यात. मे महिन्यात रात्री नऊच्या सुमाराला गच्चीवर जाऊन दक्षिणेकडे तोंड करा. तेजस्वी पांढरी चित्रा दिसेल. तिच्या उजव्या हाताला, थोडं खाली, वाकड्या चौकोनातले चार तारे म्हणजे हस्त. शाळेला तेव्हा सुट्टी असते. घरातल्या मुलीला झोपायची घाई करू नका. तिला वर घेऊन जा, आणि ती जे विचारेल ते विचारू द्या.